हलकी सॅक निवडताना सर्वांत जड तासाचा विचार करावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे ६५ लिटरची, रिकामी असतानाच सव्वादोन किलो भरणारी जुनी सॅक आहे. फेब्रुवारीत बडोद्याहून निघून साल्हेर, सालोटा आणि मुल्हेर हे बागलाणातले किल्ले दोन दिवसांत करायचे आहेत आणि जूनमध्ये मनालीकडून हामटा खिंड नेहमीपेक्षा कमी दिवसांत ओलांडायची आहे. या दोन्हींसाठी ४० लिटरची, फ्रेम (पाठीच्या बाजूचा ताठ आधार) नसलेली ६०० ग्रॅमची सॅक घ्यावी, की ४५ लिटरची, हलकी फ्रेम असलेली १,१०० ग्रॅमची घ्यावी, हे आपल्याला ठरवता येत नाही. दुकानात दोन्ही उचलून पाहिल्यावर पहिलीच बरी वाटली, असेही आपण लिहिले आहे.

ती बरी वाटणारच, कारण दोन्ही रिकाम्या होत्या. डोंगरात मात्र सॅक सामान, अन्न आणि पाणी भरून सहा-आठ तास पाठीवर राहणार असते, त्यामुळे तिचे स्वतःचे वजन हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. बडोद्याहून लहान गट घेऊन मी बरीच वर्षे सह्याद्रीत आणि हिमालयात जात आलो आहे आणि नवी सॅक घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारतो : या संपूर्ण सफरीत आपल्या पाठीवर सर्वांत जास्त वजन कोणत्या तासाला असेल, ते किती असेल आणि त्या तासाला वाट कशी असेल? याचे उत्तर मिळाले की फ्रेम हवी की नको, हे जवळजवळ आपोआप ठरते. ते न काढता केवळ ग्रॅमची तुलना केली, तर निवड दुकानातल्या मोकळ्या खांद्यांना सोयीची होते, चढावरच्या खांद्यांना नाही.

आपल्याच दोन सफरींचा हिशेब मांडू. साल्हेरला वाघांब्याहून साल्हेर-सालोटा खिंडीत चढायचे, तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी वर जायचे आणि १,५६७ मीटर उंचीवरच्या परशुरामाच्या देवळापर्यंत पोहोचायचे. गडावर पाणी आहे, पण फेब्रुवारीत त्यातले पिण्याजोगे किती, हे त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असते, म्हणून पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये. गडावर मुक्काम करणाऱ्याने निदान चार लिटर पाणी खालून न्यावे, म्हणजे ते चार किलो झाले. स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, जास्तीचे कपडे, विंडचीटर, हेडटॉर्च, पॉवर बँक, औषधे आणि दोघांत वाटून घेतलेली चहाची भांडी असे सामान काटकसरीने घेतले, तरी पावणेचार किलोंच्या आसपास जाते. दोन दिवसांचा शिधा १.३ किलो. त्यात ६०० ग्रॅमची सॅक मिळवली, तर एकूण ९.६५ किलो होतात आणि १,१०० ग्रॅमची मिळवली, तर १०.१५ किलो. सर्वांत जड तास हा पहिलाच, खिंडीच्या चढाचा, आणि तिथे ज्या ५०० ग्रॅमवर आपण अडला आहात, ते एकूण भाराच्या पाच टक्क्यांच्या घरात आहेत.

हामट्याचा हिशेब वेगळ्या दिशेने जातो. जोब्रापासून छत्रूपर्यंत बहुतेक वाट ओढ्याच्या किंवा नदीच्या सोबतीने जाते, त्यामुळे एका वेळी दीड लिटर पाणी पुरते. मात्र खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे, जूनच्या सुरुवातीला तिच्यावर भरपूर बर्फ असतो आणि रात्री कडाक्याची थंडी पडते. उबदार स्लीपिंग बॅग, चांगली मॅट, दोघांच्या तंबूतला आपला वाटा, डाऊन (पक्ष्यांच्या मऊ पिसांचे) जॅकेट, पावसाळी कपडे, स्टोव्हचा वाटा, बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक आणि किरकोळ वस्तू मिळून साडेसहा किलो सहज होतात. चार दिवसांचा शिधा अडीच किलोंच्या वर जातो. पाणी धरून सॅकशिवायच १०.५ ते ११ किलो झाले. शिवाय हे सामान जड असण्यापेक्षा फुगीर जास्त असते. बागलाणात सॅकची परीक्षा पाण्याच्या वजनाने होते, तर हामट्याला उबेच्या सामानाला लागणाऱ्या जागेने.

आता फ्रेम नेमके काय करते, ते पाहू. कंबरपट्ट्याचे काम भार खांद्यांवरून उतरवून कमरेच्या हाडांवर ठेवण्याचे आहे. त्यासाठी खांद्याचे पट्टे जिथे जोडलेले आहेत ती जागा आणि कंबरपट्टा यांच्यामध्ये काहीतरी ताठ असावे लागते, मग ती ॲल्युमिनियमची पट्टी असो, कार्बन फायबरच्या कांड्या असोत किंवा प्लॅस्टिकचा पत्रा असो. ताठपणा नसेल, तर भार वाढताच सॅक मधल्या भागात दबते, तिची पाठीकडची उंची कमी होते आणि सगळे वजन पुन्हा खांद्यांवर येते. हे डोळ्यांना दिसते. भरलेली सॅक घालून कंबरपट्टा आवळावा आणि खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे सरकवून पाहावीत. सुरुवातीला बोटे सहज जातात. अर्धा तास चढून आल्यावर तीच बोटे पट्ट्याखाली अडकत असतील आणि कंबरपट्टा नुसता पोटाभोवती बांधलेला राहिला असेल, तर सॅक मधे बसली आहे, असे समजावे.

माझ्या अनुभवात फ्रेम नसलेली सॅक ७ ते ८ किलोंपर्यंत समाधानकारक चालते. घडी घातलेली कॅरीमॅट पाठीच्या बाजूला नीट ठेवली आणि सामान कुठेही पोकळी न ठेवता दाबून भरले, तर ही मर्यादा ९ किलोंपर्यंत ताणता येते. त्यापुढे मी कोणाला तिचा आग्रह करत नाही. ही रेषा सर्वांना सारखी लागू नाही, हे मान्य करायला हवे. माणसाचे स्वतःचे वजन, खांद्यांची ठेवण, जुनी दुखणी, चालण्याची सवय आणि जड भार किती तास राहणार, यांवर ती वर-खाली होते. पहिल्याच तासात दोन लिटर पाणी पिऊन संपणार असेल, तर थोडा जास्त भार सोसता येतो. तोच भार संध्याकाळपर्यंत राहणार असेल, तर नाही.

फ्रेमशिवाय चालणाऱ्यांचा दाखला म्हणून पुष्कळदा एमा गेटवुड यांचे नाव घेतले जाते. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतील ॲपलेशियन ट्रेल हा तीन हजार किलोमीटरहून लांब मार्ग घरी शिवलेली डेनिमची झोळी खांद्यावर टाकून एकटीने पूर्ण केला. ही गोष्ट मलाही मनापासून आवडते, पण तिच्यातून घ्यायचे ते नीट घ्यावे. त्यांच्या झोळीत तंबू नव्हता, स्लीपिंग बॅग नव्हती आणि वाटेत वस्त्या होत्या. झोळी पुरली, कारण सामान थोडे होते. सामानाची यादी तीच ठेवून फक्त सॅक बदलणे ही त्याच्या उलट रीत आहे.

म्हणून सॅक शेवटी घ्यावी, असे मी सुचवतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा, आपण नेता त्या प्रत्येक वस्तूचे वजन करून कागदावर लिहावे आणि सर्वांत जड पाच वस्तूंकडे पाहावे. जुनी सिंथेटिक स्लीपिंग बॅग १,८०० ग्रॅमची असेल आणि तितकीच ऊब देणारी डाऊनची १,००० ग्रॅमची मिळत असेल, तर एकाच वस्तूत ८०० ग्रॅम वाचतात, जे दोन सॅकमधल्या फरकापेक्षा जास्त आहेत. शिवाय डाऊनची बॅग दाबली जाते, त्यामुळे जागाही वाचते. खर्च मात्र तिथेच जास्त येतो आणि डाऊन ओले झाले की ऊब जाते, हेही लक्षात ठेवावे. कपडे, दुसरी पँट, दोन-दोन टॉवेल आणि घरच्यांनी आग्रहाने दिलेले चिवड्याचे डबे यांचेही वजन करून पाहावे. डब्याऐवजी पिशवीत भरलेला चिवडा तितकाच टिकतो. ही यादी झाल्याशिवाय सॅकचे लिटरसुद्धा ठरवता येत नाहीत.

यानंतरची गोष्ट पाठीच्या लांबीची. फ्रेमवर आपण जितका विचार केला आहे, तितकाच या मापावर करायला हवा, कारण चुकीच्या मापाची फ्रेम ही मुळात फ्रेम नसण्यापेक्षा जास्त त्रास देते. मान पुढे वाकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड सर्वांत वर येते, तिथून मोजायला सुरुवात करावी. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर असे ठेवावेत की अंगठे मागे पाठीच्या कण्याकडे येतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जिथे छेदते, तिथे माप संपते. शिंप्याची टेप कण्याच्या वळणावरून न्यावी आणि हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. उंच माणसाची पाठ लांबच असते असे नाही, म्हणून उंचीवरून अंदाज बांधू नये. बऱ्याच हलक्या सॅक एकाच ठरावीक मापात येतात, आणि आखूड पाठीच्या व्यक्तीच्या, विशेषतः अनेक स्त्रियांच्या बाबतीत, त्यांचा कंबरपट्टा हाडांच्या खाली मांड्यांवर येतो. तो तिथे कितीही आवळला तरी भार घेत नाही.

‘वेगाने’ म्हणजे आपल्याला काय अभिप्रेत आहे, तेही स्पष्ट करून घ्यावे लागेल. सपाटीवर आणि उतारावर पळायचे असेल, तर जाकिटासारखे रुंद पट्टे असलेली, छातीवर दोन ठिकाणी बांधता येणारी, समोर पाण्याच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्या बसणारी २० ते ३० लिटरची सॅक लागते. ती अंगाला चिकटून राहते आणि उसळत नाही, पण ६-७ किलोंच्या वर तिचा उपयोग नाही, कारण सगळा भार छाती आणि खांद्यांवर असतो. आपल्या वर्णनावरून आपल्याला पळायचे नसून न थांबता भरभर चालायचे आहे, असे मी धरतो. तसे असेल, तर वेळ वाचतो तो सॅक न उतरवता पाणी, खाऊ आणि नकाशा हाताशी येण्याने. बाजूच्या खिशातली बाटली चालताना स्वतःला काढता आणि परत ठेवता आली पाहिजे. हे दुकानात करून पाहावे, आणि तेही सॅक गच्च भरून, कारण सॅक फुगली की बाजूचे खिसे आतून दाबले जातात.

लिटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. काही कंपन्या बाहेरचे जाळीचे खिसे आणि वरची गुंडाळायची बाही धरून आकडा देतात, तर काही फक्त मुख्य कप्पा मोजतात, त्यामुळे एकाचे ४० आणि दुसऱ्याचे ४५ प्रत्यक्षात सारखे असू शकतात. आपल्या हामट्याच्या सामानाला मुख्य कप्पा ४० लिटरचा आणि वर बाहेरचे खिसे, इतके हवे. बागलाणात तीच सॅक अर्धी रिकामी राहील, तेव्हा बाजूचे आवळायचे पट्टे चांगले आहेत का, ते बघावे. सैल सॅकमध्ये सामान खाली साचते आणि पाय उचलताना पाठ मागे ओढली जाते.

पाठीमागे ताणलेली जाळी असलेल्या सॅक बडोद्याच्या उकाड्यात राहणाऱ्या माणसाला लगेच पटतात, कारण पाठीला वारा लागतो. हा फायदा खरा आहे. पण जाळीमुळे भार पाठीपासून काही सेंटिमीटर मागे जातो, आणि साल्हेरच्या अरुंद पायऱ्यांवर किंवा सालोट्याच्या घसाऱ्यावर तो फरक तोल सांभाळताना जाणवतो. जिथे हात लावून चढायचे आहे, तिथे मी पाठीला टेकणारी सॅक निवडतो आणि घाम सहन करतो. केवळ मळलेल्या वाटेने चालणाऱ्याने जाळी घ्यायला हरकत नाही.

कापडाबद्दल बोलताना डेनियर हा शब्द वारंवार येतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. सह्याद्रीत कारवीच्या काड्या, करवंदीची जाळी आणि खरखरीत कातळ सॅकला सतत घासत असतात, म्हणून तळाला २१० डेनियर किंवा त्याहून जाड नायलॉन असावे आणि बाजूंना १०० डेनियर रिपस्टॉप (फाटलेले पुढे पसरू न देणाऱ्या विणीचे कापड) चालावे, असे माझे मत आहे. डायनीमासारखी अतिहलकी कापडे ओढीला फार मजबूत असतात, पाणीही आत येऊ देत नाहीत, पण त्यांचे पातळ प्रकार घासण्याला आणि टोचण्याला तितके टिकत नाहीत. बाकाखाली सरकवून, साखळीने बांधून रेल्वेने हरिद्वार किंवा चंदीगड गाठणाऱ्याला हा मुद्दा लागू आहेच, म्हणून प्रवासात सॅकवर साधे जाड कापडी खोळ घालावे.

आपल्याकडची आणखी एक अडचण साठवणीची आहे. पुष्कळ नायलॉनच्या कापडांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट उष्णतेत तो लेप हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, त्याला आंबट वास येतो आणि मग तो पापुद्र्यांनी सुटतो. बडोद्यातला पावसाळा आणि माळ्यावरची बंद ट्रंक ही या लेपासाठी सर्वांत वाईट जागा. सॅक सावलीत पूर्ण वाळवून, मोकळी, हवेशीर कपाटात टांगून ठेवावी. सवलतीत मिळणारा जुना माल घेताना आतला लेप बोटांनी चोळून पाहावा. बोट चिकटले, तर ती सॅक घेऊ नये.

घेण्यापूर्वी सॅक उलटी करून तिची शिवण बघावी, हे मी आग्रहाने सांगतो. खांद्याचा पट्टा वर जिथे जोडला आहे आणि त्याची खालची निमुळती पट्टी तळाशी जिथे शिरते, या दोन जागांवर सगळा ताण असतो. तिथे पुढे-मागे दाट मारलेले आडवे टाके दिसले पाहिजेत, आणि खालची पट्टी थेट कापडात न शिवता त्रिकोणी तुकड्यात बसवून मग तो तुकडा शिवणीत घेतलेला असावा. आतल्या कडांना गोठ लावलेला असावा, नाही तर कापडाचे दशे सुटत जाऊन शिवण उसवते. पट्टा हातात धरून जोराने ओढला असता टाक्यांच्या छिद्रांतून उजेड दिसत असेल, तर तिथे लवकरच फाटणार आहे. सॅक इतर बाबतीत चांगली असेल, तर ही जागा एखाद्या बॅग शिवणाऱ्या कारागिराकडून जाड नायलॉनच्या दोऱ्याने पक्की करून घेता येते.

पावसासाठी रेन कव्हरवर पैसे घालवू नयेत. सह्याद्रीच्या वाऱ्यात ते उडते आणि पाठ व सॅक यांच्यामधून पाणी झिरपतेच. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तोंड पिळून दुमडावे आणि स्लीपिंग बॅग व कोरडे कपडे तिच्यात ठेवावेत. वजन शंभर ग्रॅमच्याही आत राहते.

हामट्यासंबंधी एक गोष्ट सॅकच्या पलीकडची आहे, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हलक्या सॅकने पाय भरभर चालतात, शरीर मात्र विरळ हवेशी त्याच्या गतीनेच जुळवून घेते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. आपण वाचवणार असलेला दिवस मुक्कामांमधून काढू नका; तो उतरणीवर आणि छत्रूच्या बाजूला काढा. डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर वर जायचे नाही.

या सगळ्यावरून आपल्या दोन्ही सफरींचे जड तास ९ किलोंच्या वर जातात, म्हणून मी आपल्याला फ्रेम असलेलीच सॅक सुचवीन. त्यातही पाठीची ॲल्युमिनियमची पट्टी काढता येणारी सॅक मिळाली, तर ती घ्यावी. अशी पट्टी काढून गुडघ्यावर हळूहळू दाबत आपल्या पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवता येते, आणि पावागडसारख्या एका दिवसाच्या चढाईला ती घरी ठेवून सॅक आणखी हलकी करता येते. सामानाची काटछाट करून पाणी व अन्न सोडून उरलेले वजन सॅकसह ४ किलोंच्या आत आणता आले आणि पाणी मिळणाऱ्या वाटाच निवडल्या, तर ६०० ग्रॅमची सॅक घेण्यात काही चूक नाही. तो निर्णय मात्र सामानाच्या यादीवरून यावा.

सॅक आणल्यावर किंमतीची चिठ्ठी लगेच काढू नये. आपलेच खरे सामान भरून घराच्या जिन्यावर तासभर वर-खाली करावे. पाण्याच्या बाटल्या किंवा तांदळाच्या पिशव्या भरून केलेली चाचणी फसवी असते, कारण घट्ट भार तळाशी बसतो आणि सॅक खऱ्या सामानाने जशी भरते तशी भरत नाही. समाधान झाले, तर आडवारी पहाटे पावागडला जावे, रोपवे न घेता माचीपासून पायऱ्यांनी वर जावे आणि उतरताना सॅक डावी-उजवीकडे डुलते का, कंबरपट्टा वर सरकतो का, मानेजवळ पट्टा काचतो का, याकडे लक्ष द्यावे. चढापेक्षा उतारावर हे दोष लवकर कळतात.

आपल्या पाठीचे सेंटिमीटरमधले माप आणि पाणी-अन्न सोडून उरलेल्या सामानाचे काट्यावरचे वजन, हे दोन आकडे कळवलेत, तर आपण पाहिलेल्या दोन सॅकपैकी फ्रेमवाली आपल्याला बसेल की तिच्यातले दुसरे माप मागवावे लागेल, हे मी अधिक नेमके सांगू शकेन.